रहस्यकथा, कोर्ट आणि आपला नववीचा वर्ग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आपले सर, बाई आणि समोर बसलेल्या माझ्या १९७९ च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्गणीची आठवण करायला केला असेल. पण ते म्हणाले, "तुम्ही वीस मिनिटं बोलायचं." मी विचारलं, विषय काय? पलीकडून हसण्याचा आवाज आला. "विषय काय विचारता? भूगोलाच्या पुस्तकात खुनाचं पुस्तक लपवणारी वर्गात एकच होती. त्याच्यावरच बोला."

शाळेत असताना या गृहस्थांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. तेव्हा मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. आता साठी ओलांडल्यावर अहो-जाहो करत का होईना, बोलायला लागलो, हेही काही कमी नाही. जे आज आपल्यात नाहीत त्यांची नावं आत्ताच वाचून झाली. त्यांच्यापैकी दोघी माझ्या बाकावरच्या. त्यांना मनातल्या मनात नमस्कार करून सुरुवात करते.

आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा अकोला होता. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे आपल्या सनदेवर अकोला आणि नातवंडांच्या दाखल्यावर वाशिम. आमच्या घरी त्या काळात दोनच प्रकारची पुस्तकं होती. आईची पोथी आणि दादाची रहस्यकथा. पोथी आमचीच होती. रहस्यकथा भाड्याची. बसस्टँडजवळच्या दुकानातून दादा दहा पैसे रोजानं आणायचा. तो वाचून झोपला की मी कंदील जवळ ओढायची. दादाची एकच अट असायची, "सकाळी सातच्या आत पुस्तक परत पाह्यजे, नाही तं दुसरे दहा पैसे तू देजो." त्यामुळे भरभर वाचायची सवय मला परीक्षेनं नाही लावली, त्या दहा पैशांनी लावली.

ती पुस्तकं बहुतेक बाबुराव अर्नाळकरांची. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. समोर मान हलताना दिसतात, म्हणजे भाड्याचं पुस्तक नेणारी मी एकटी नव्हते. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. १९९६ साली ते गेले तेव्हा पेपरात आलं, पण ज्यांनी त्यांच्यावर वाचायला शिकून घेतलं त्यांच्यापैकी किती जणांनी ते मोठ्यानं सांगितलं? घरात अर्नाळकर वाचणं म्हणजे विडी ओढण्यासारखंच होतं. सगळ्यांना ठाऊक, पण कोणी कबूल करायचं नाही. आज मागे वळून बघताना मला त्यातल्या उणिवा दिसतात. माणसं एक तर चांगली नाही तर वाईट. मुंबई अशी की प्रत्येक बंगल्याला एक भुयार. पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला दिली. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोपायचं नाही, ही ओढ. खेड्यातल्या, नुकत्याच साक्षर झालेल्या घरांत ही ओढ पुस्तकानं निर्माण करणं सोपं नव्हतं.

नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचा दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि वकील अमर विश्वास. हल्लीच्या मुलांना शिरवळकर 'दुनियादारी' सिनेमामुळे माहीत आहेत, पण आपण त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखतो. अमर विश्वासनं तर मला कोर्टाचं वेड लावलं. तो उभा राहिला की साक्षीदाराला घाम फुटायचा. मला वाटायचं, कोर्ट असंच असतं.

भूगोलाच्या सरांनी मला पकडलं ते नववीत. सर इथे बसले आहेत. सर, तुम्ही पुस्तक काढून घेतलंत, मी तीन दिवस थरथरत होते, कारण भाडं चढत होतं. चौथ्या दिवशी तुम्ही ते कागदात गुंडाळून परत दिलंत आणि म्हणालात, "खुनी कोण, ते मला अर्ध्यातच कळलं. तुला कधी कळलं?" त्या दिवसापासून मी तुम्हाला घाबरणं सोडलं आणि खूप काही शिकले. तीस पैसे भाडं मात्र मीच भरलं.

आता जरा गंभीर गोष्ट. आपण चौथी-पाचवीत होतो तेव्हा परभणी जिल्ह्यात मानवतला बायकांचे आणि लहान मुलींचे एकामागून एक खून होत होते. १९७२ ते १९७४ चा तो काळ. परभणी म्हणजे काही लांब नव्हतं, मीटरगेज गाडीनं पूर्ण्याला उतरलं की पुढचाच मुलूख. गुप्तधन मिळावं म्हणून बळी देतात, असं मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची. संध्याकाळी आम्हा मुलींना अंगणाबाहेर पाठवणं बंद झालं. विहिरीवर जायचं तर दोघी-तिघींनी मिळून. रहस्यकथेतल्या खुनाची मला कधी भीती वाटली नाही, या खुनांची वाटली. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्यानं या प्रकरणाचा तपास केला. मुंबईतल्या रामन राघवच्या तपासामुळे त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. त्यांनी आपल्या आठवणी पुस्तकात लिहून ठेवल्या, आणि २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, त्यात आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत आहेत.

मी ती सुनेसोबत बघितली. तपासाचा भाग चांगला आहे. चिकाटीनं विचारलेले प्रश्न, परत परत त्याच घरी जाणं, हे खरं वाटतं. पण बघताना माझं लक्ष वेगळीकडे जात होतं. इतके खून झाले त्या गावात कोणालाच काही माहीत नव्हतं, असं होतं का? कोणीतरी काहीतरी बघितलेलं असतं. रात्री कोण कुठे गेलं, कोणाच्या घरी कसली पूजा झाली. लहान गावात भाजी काय केली तेही लपत नाही. मग माणसं बोलत का नाहीत? काही भीतीनं, काही 'आपल्याला काय करायचं' म्हणून. महाराष्ट्रात नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा झाला २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. कायदा झाला हे चांगलंच. पण तोंड उघडण्यासाठी कलम नसतं.

हे मी कोर्टात शिकले. १९८४ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, २०२१ ला निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं सत्र न्यायालयात बेंच क्लार्क. साहेबांच्या पुढ्यात बसायचं, रोजनामा लिहायचा, मुद्देमालाची नोंद बघायची, साक्षीदाराला शपथ द्यायची. त्यामुळे रहस्यकथा वाचताना आता माझी अवस्था स्वयंपाकघरात काम करणाऱ्यानं हॉटेलात जेवायला जावं तशी होते. चव घेता घेता फोडणीत काय कमी पडलं ते कळतं.

पुस्तकात शेवटी सगळे दिवाणखान्यात जमतात, गुप्तहेर बोट दाखवतो, खुनी ढसढसा रडून कबुली देतो आणि पोलीस बेड्या घालतात. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा नसते. तो साक्षीदार उद्या पिंजऱ्यात उभा राहून काय बोलेल त्यावर सगळं अवलंबून. आणि तो उद्या म्हणजे चार वर्षांनी, सहा वर्षांनी. तोपर्यंत आरोपीच्या चुलत भावाला साक्षीदाराची पुतणी दिलेली असते. पंच म्हणतो, "साहेब, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली." मग सरकारी वकील म्हणतात, साक्षीदार फितूर झाला. अमर विश्वासला असा साक्षीदार क्वचित भेटला. मला दर आठवड्याला भेटला.

आणखी एक गंमत. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. खुनाचं कलम ३०२ होतं, ते आता १०३ झालं. 'तीनशे दोन लागला' ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की लेखकांना ती काढताना जड जाणार. योगायोग बघा, जिल्हा झाला तोही १ जुलैलाच.

आता तुम्ही ज्यासाठी मला उभं केलं ते सांगते. अलीकडे मी काय वाचलं आणि त्यातलं काय तुम्ही वाचावं. माझी लेक पुण्याहून इंग्रजी पुस्तकं पाठवते. निकालपत्रं टाईप करून करून इंग्रजी वाचायची सवय झाली आहे, अडलं तर डिक्शनरी आहेच.

पहिलं पुस्तक आपल्या वयाच्या लोकांसाठी. रिचर्ड ऑस्मन या इंग्रज लेखकाचं 'द थर्स्डे मर्डर क्लब', २०२० चं. ज्येष्ठ नागरिकांच्या एका वसाहतीत राहणारे चार म्हातारे दर गुरुवारी जमतात आणि पोलिसांच्या जुन्या, न उलगडलेल्या प्रकरणांवर चर्चा करतात. मग वसाहतीतच खून होतो. पुस्तक हसवतं, पण त्यात एक मैत्रीण अंथरुणाला खिळलेली आहे, एकीचा नवरा हळूहळू सगळं विसरत चालला आहे. लेखक म्हाताऱ्यांची चेष्टा करत नाही. 'आता यांना काय कळतं' असं ज्यांच्याबद्दल सगळे धरून चालतात, त्यांनाच सगळं दिसतं. खुनाचा धागा मला जरा जास्तच गुंतलेला वाटला, शेवटी तीन-तीन उलगडे आहेत. पण माणसांसाठी वाचा. आपणही दर महिन्याला असं जमायला हरकत नाही. खून नको, चहा पुरे.

दुसरं वसीम खान यांचं, इन्स्पेक्टर चोप्रा या मालिकेतलं पहिलं पुस्तक, २०१५ चं. मुंबईतला एक पोलीस इन्स्पेक्टर निवृत्त होतो त्याच दिवशी चौकीत एक बाई ओरडत असते. तिचा मुलगा बुडून मेला आहे आणि ती म्हणते, आम्ही गरीब म्हणून तुम्ही तपास करणार नाही. त्याच दिवशी इन्स्पेक्टरच्या घरी वारसा म्हणून हत्तीचं पिल्लू येतं. हत्तीचं पिल्लू घेऊन तपास, हे ऐकून मी पुस्तक बाजूला ठेवणार होते. पण त्या आईचं वाक्य मला सोडेना. कोर्टात मी असे कितीतरी मृत्यू 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदलेले बघितले, ज्यांच्यामागे ओरडणारी आईसुद्धा नव्हती. हत्ती मुलांना आवडेल, आई तुम्हाला आवडेल.

तिसरं मला सगळ्यात जवळचं. सुजाता मॅसी यांचं 'अ मर्डर ॲट मलबार हिल', २०१८ चं. काळ १९२१ चा, मुंबई. परवीन मिस्त्री नावाची पारशी तरुणी वडिलांच्या कचेरीत वकिली करते. एका श्रीमंत गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. त्यांनी आपल्या हक्काचे पैसे सोडून दिल्याचे कागद आले आहेत. परवीनला सह्या बघून शंका येते. पुरुष वकील त्यांच्यापर्यंत जाऊच शकत नाही, ती जाते. मग खून होतो. परवीन हे पात्र लिहिताना लेखिकेसमोर कॉर्नेलिया सोराबजी होत्या. या बाई आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६ चा, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री, आणि त्यांनी खरोखरच पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेसाठी आयुष्य घालवलं.

हे वाचताना मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचा बाक आठवला. भाऊ बहिणीला गाडीत बसवून आणतो, हक्कसोड पत्रावर अंगठा घेतो, साडी घेऊन देतो आणि परत सोडतो. विचारलं तर ती म्हणते, "माह्या मर्जीनं करून राह्यली." खून होत नाही म्हणून त्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही. पण समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगावच्या शिवारातून गेला तेव्हा जमिनीच्या मोबदल्यावरून घराघरांत काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. एखाद्या मराठी लेखकानं रहस्यकथा लिहायला मुंबईत जायची गरजच नाही. तलाठ्याकडची सातबाऱ्यावरची एक फेरफार नोंद घ्यावी आणि तिच्या मागे लागावं.

चौथं जपानी, केइगो हिगाशिनो यांचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. खून कोणी केला हे पहिल्याच काही पानांत सांगून टाकतात. शेजारी राहणारा गणिताचा मास्तर तो लपवायला मदत करतो, आणि त्याचा जुना मित्र, जो भौतिकशास्त्रज्ञ आहे, तो कोडं सोडवायला बसतो. यावर २०२३ मध्ये 'जाने जान' हा हिंदी सिनेमा आला, पण आधी पुस्तक वाचा. गणिताच्या सरांना मी मुद्दाम शिफारस करते. सर, तुमच्या विषयाचा इतका मान कुठल्याच रहस्यकथेनं ठेवला नसेल. शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगते की खुनी कोण हे माहीत असूनही शेवटच्या पानांवर मी पुस्तक मिटवून गच्चीवर जाऊन बसले होते.

न आवडणारीही सांगायला हवीत. आजकालच्या पुष्कळ थ्रिलरमध्ये पहिल्या पानावर एका तरुण मुलीचं प्रेत असतं. तिचं वर्णन दोन पानं. ती कोण होती, तिला काय आवडायचं, ते तीनशे पानांत कुठेच नाही. पुढे दर वीस पानांनी धक्का. धक्के इतके की शेवटी मनाला काहीच लागत नाही. असं पुस्तक मी आता अर्ध्यावर सोडते. आपल्या वयाला तेवढा अधिकार आहे.

मराठीत मात्र भूक भागत नाही. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, अशोक जैनांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आणला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आहेत, नारायण धारपांच्या भयकथा आहेत, 'धनंजय', 'नवल'सारखे दिवाळी अंक आहेत. पण आपल्या तालुक्यातला, आपल्या भाषेत बोलणारा जमादार ज्यात तपास करतो अशी सलग कादंबरी मला अजून हवी आहे. समोर कोणी निवृत्त जमादार असतील तर त्यांनी मनावर घ्यावं. टाईप मी करून देईन.

इतकी पुस्तकं वाचून मला काय कळलं, ते एका वाक्यात सांगते. पहिला संशय कोणावर जातो, त्यावरून पुस्तक कळतं. चांगल्या पुस्तकात सगळ्यांचा संशय ज्याच्यावर सहज जातो, त्याच्यापाशी लेखक थांबतो आणि विचारतो, याच्यावरच का? वाईट पुस्तक तसं विचारत नाही. आणि आपणही तसं विचारलं नव्हतं. ज्यासाठी मी या भाषणाला हो म्हटलं ते आता सांगते.

आपल्या नववीत लोणारच्या सहलीचे पैसे गेले होते. आठवतं? दोनशे दहा रुपये, पाकिटात घालून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेले. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला पाकीट दिसलं नाही. दुपारपर्यंत एकच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तांड्यावरून चालत येणारा आपला वर्गमित्र. पुरावा काय? तो त्या तासाला वर्गात नव्हता, एवढंच. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण आपल्या वर्गात १९७७ सालीही तो चालू होता. सरांनी त्याला काही मारलं नाही, पोलिसांतही दिलं नाही. फक्त सगळ्यांसमोर दप्तर उलटं केलं. दप्तरात एक वही, एक पेन्सिल आणि भाकरीचं फडकं निघालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही.

त्या तासाला मीही वर्गात नव्हते. मुलींची हजेरी कोणी बारकाईनं बघत नसे. मी वाचनालयाच्या कपाटामागे बसून अर्नाळकर वाचत होते. आणि खिडकीतून मला तो दिसत होता. बाहेरच्या ओट्यावर बसून तो वाचनालयातल्या बीजगणिताच्या पुस्तकातून उदाहरणं वहीत उतरवून घेत होता, कारण त्याच्याकडे पुस्तक नव्हतं. पूर्ण तास तो तिथून हलला नाही. हे बघणारी मी एकटीच होते.

मी बोलले नाही. बोलले असते तर तू तिथे काय करत होतीस, हा प्रश्न आला असता. पुस्तक सापडलं असतं, घरी कळलं असतं. काळापहाड कायद्याच्या पलीकडे जाऊन दुष्टांना धडा शिकवायचा, त्याची पुस्तकं मी दिवसाला एक वाचत होते, आणि एक वाक्य बोलायची माझी हिंमत झाली नाही.

दहावीत बोर्डाच्या परीक्षेसाठी टेबलं हलवली तेव्हा ते पाकीट सापडलं. ड्रॉवरच्या मागे सरकून अडकलं होतं. पूर्ण दोनशे दहा. चोर नव्हताच. आपल्याला ते कळलं, आपण 'अरे बापरे' म्हणालो आणि परीक्षेच्या तयारीला लागलो. तांड्यावर सांगायला कोणी गेलं नाही. ते सर आज हयात नाहीत, मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर साक्षीदारच आला नव्हता. पुढे कोर्टात इतकी वर्षं फितूर साक्षीदारांची नावं रोजनाम्यात लिहिताना दरवेळी माझं नाव मला त्या यादीत दिसायचं.

तीन महिन्यांपूर्वी या मेळाव्यासाठी यादी आली. त्यात त्याचं नाव नव्हतं, कारण यादी दहावीच्या रजिस्टरवरून केली होती. मी विचारपूस केली. त्याच्या पुतण्याकडून नंबर मिळाला. वीस-पंचवीस वर्षं ऊसतोडीला जाऊन तो आता मुलाकडे राहतो. मी फोन केला, नाव सांगितलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मले माहीत होतं ना. तू तठीच होती. खिडकीतून तुही वेणी दिसे."

मी म्हटलं, मग काऊन नाही सांगितलं?

"सांगून काय झालं असतं? माह्यं कोण आयकलं असतं? अन् तुले तुह्या बापानं शाळेतून काढलं असतं."

मित्रमैत्रिणींनो, हे अगदी खरं होतं. माझ्या वडिलांनी मला त्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. मग दहावी नाही, टायपिंग नाही, कोर्टातली नोकरी नाही. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला ते कळलं होतं. मी त्याची साक्ष दिली नाही, आणि त्यानं माझं नाव घेतलं नाही. या दोन गप्प राहण्यांमध्ये किती फरक आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी त्याला आज बोलावलं होतं. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. शेवटी एवढंच विचारलं, "लोणारले गेलते का मंग तुमी?" आपण गेलो होतो. सरांनी पदरचे पैसे घातले होते. मी हो म्हणाले.

समितीला माझी एक विनंती आहे, आणि ती माझ्या भाषणासोबत स्मरणिकेत छापावी. विद्यार्थ्यांची यादी दहावीच्या रजिस्टरवरून छापू नका, नववीच्या रजिस्टरवरून छापा. त्यात दहावीत न पोचलेले आपले सात जण आहेत, चार मुली आणि तीन मुलं. त्यांतल्या प्रत्येकाचं शाळा सुटण्याचं कारण आपल्यापैकी कोणाला ना कोणाला ठाऊक आहे. त्यांचे पत्ते शोधायचं काम मी घेते. मला घरी भरपूर वेळ आहे, आणि माग काढायचं शिक्षण तर मी दहा पैसे रोजानं घेतलेलंच आहे.

शाळेच्या वाचनालयासाठी मी पुस्तकांची एक पेटी आणली आहे. बहुतेक सगळ्या रहस्यकथाच आहेत. बाईंना विनंती, ती पेटी कपाटामागे ठेवू नका, समोर ठेवा.